कार्ड रीडरला कार्ड दिसत नाही? या चुका टाळा

रीडरमध्ये मेमरी कार्ड घातलं आणि संगणकावर काहीच उमटलं नाही, की बहुतेक जण लगेच निकाल देऊन मोकळे होतात: कार्ड गेलं. खरं तर ‘दिसत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळे बिघाड दडलेले असतात. नेमका कुठला ते न बघता उपाय सुरू करणं, ही पहिली चूक.

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा आणि यूएसबी रीडर काढून पुन्हा लावा. यादी हललीच नाही, तर दोष रीडर, केबल किंवा पोर्टचा. कार्डाला उगाच बोल लावू नका. रीडरचा ड्राइव्ह दिसतो पण क्लिक केल्यावर डिस्क घालायला सांगतो, तर रीडरला कार्डच जाणवत नाहीये. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये कार्ड योग्य क्षमतेसह दिसतं, फक्त त्याला ड्राइव्ह लेटर (डी, ई यांसारखं अक्षर) नसतं किंवा फाइल सिस्टीमच्या (फाइली मांडायच्या पद्धतीच्या) जागी ‘रॉ’, म्हणजे न ओळखलेली, असं लिहिलेलं असतं. लेटरच नसेल तर तिथेच उजवी क्लिक करून देता येतं. मॅकवर हीच तपासणी डिस्क युटिलिटीत होते. त्यात सगळी उपकरणं दाखवायचा पर्याय मात्र निवडायला हवा.

‘फॉरमॅट करा’ म्हटलं की फॉरमॅट करणं

नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं. विंडोजला कार्डावरची मांडणी कळली नाही की ते फॉरमॅट करायला सुचवतं. त्याला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कार्ड रिकामं आहे असा नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं कार्ड घ्या. त्यातला मोठा विभाग सहसा लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा असतो. विंडोज तो वाचत नाही आणि धडधाकट कार्डासाठी फॉरमॅटची खिडकी उघडतं.

फोनमधल्या कार्डाची गोष्ट याहून अवघड. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) काही फोनमध्ये कार्ड अंतर्गत स्टोरेज म्हणून वापरता येतं. तसं केलं की कार्ड एन्क्रिप्ट होतं, म्हणजे त्यावरचा डेटा कुलूपबंद होतो, आणि त्याची किल्ली त्याच फोनमध्ये राहते. असं कार्ड कुठल्याही रीडरमध्ये ‘खराब’च दिसणार. ते परत त्याच फोनमध्ये घाला आणि फाइली तिथूनच केबलने उतरवा. फोन आधीच फॅक्टरी रीसेट केला असेल, तर त्या डेटाची आशा सोडावी लागते.

आकार जुळला म्हणजे कार्ड चालणारच, असं धरणं

एसडी, एसडीएचसी आणि एसडीएक्ससी ही तिन्ही कार्डं बाहेरून सारखीच. पहिलं २ जीबीपर्यंतचं, २००६ मध्ये आलेलं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंतचं आणि २००९ चं एसडीएक्ससी २ टीबीपर्यंतचं. जुन्या एसडी कार्डात पत्ता बाइटनुसार मोजला जातो, एसडीएचसीपासून पुढे ५१२ बाइटच्या ठोकळ्यांनुसार. त्यामुळे फक्त एसडीसाठी बनलेल्या जुन्या रीडरला ३२ जीबीचं कार्ड कधीच कळणार नाही, ड्रायव्हर (रीडर चालवणारं सॉफ्टवेअर) कितीही बदला. उलट दिशेने अडचण नसते, नवा रीडर जुनी कार्डं वाचतो. एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात. विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीला त्यासाठी वेगळं अपडेट लागतं. एक्सक्यूडी आणि सीएफएक्सप्रेस टाइप बी या महागड्या कॅमेऱ्यांतल्या कार्डांचंही असंच: अंग एक, भाषा वेगळी.

कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी मात्र या बाबतीत विनाकारण बदनाम आहे. ती फक्त लिहिणं थांबवते. कार्ड अजिबात दिसत नसेल तर पट्टी वरखाली करत बसू नका.

घासणं आणि दामटणं

सोनेरी पट्ट्या ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने घासू नका, मुलामा निघून जातो. तोंडाने फुंकर मारली तर ओलावा आत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओलसर, धागे न सुटणारा कपडा फिरवा, पूर्ण वाळू द्या, बस्स. कॉम्पॅक्ट फ्लॅश या जुन्या, मोठ्या कार्डाच्या स्लॉटमध्ये ५० बारीक पिना असतात. कार्ड अडलं तर जोर लावू नका, टॉर्च मारून वाकलेली पिन आहे का पाहा. मायक्रोएसडी असेल तर आधी ॲडॉप्टर बदला. त्यात नुसती जोडणी असते आणि ती सैल पडते.

रीडर यूएसबी हबमधून किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला असेल, तर थेट मागच्या पोर्टला लावून बघा. लॅपटॉपमधला रीडर असेल तर ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

फोटो कार्डातून बाहेर काढण्याआधी दुरुस्ती

कार्ड योग्य क्षमतेसह दिसतं पण उघडत नाही, तर लगेच चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं साधन) चालवू नका. दुरुस्ती करताना ते कार्डावरच लिहितं आणि उरलेसुरले दुवे पुसले जाऊ शकतात. आधी फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रामने फाइली काढा आणि त्या दुसऱ्या डिस्कवर ठेवा, त्याच कार्डावर कधीच नाही. क्षमता शून्य किंवा भलतीच दिसत असेल, तर कार्डातला कंट्रोलर (कार्ड चालवणारी चिप) बिघडल्याची शक्यता मोठी. मग घरच्या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. डेटा मोलाचा असेल तर कार्ड पुन्हापुन्हा न लावता थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

फाइली हाती आल्यावर कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. पुन्हा तीच कुरकुर सुरू झाली, तर ते कार्ड चित्रीकरणातून कायमचं बाद करा.