घरापासून निघणारी चाळीस मिनिटांची वाट: गिअरची सायकल घेतल्यावर या चुका टाळा

आमच्याकडे माउंटन बाइकला सरसकट ‘गिअरची सायकल’ म्हणतात. आर्वी तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि बियाणं-खताच्या बोलण्यातून हल्ली या सायकलींचा विषयही निघतो. सायकल घेणारा कोणी पंचायत समितीत नोकरीला असतो, कोणी शाळेवर, कोणी डेअरीचं दूध सांभाळतो. दोन रविवार हौसेनं चालवतात आणि तिसऱ्या रविवारपासून सायकल ओसरीत भिंतीला टेकते. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: “वेळ कोठी हाये भाऊ? अन् आपल्या इकडं ट्रेल तरी कोठी हाये?”

दुकान उघडायच्या आधी सायकल फिरवायला लागून मला पाच वर्षं झाली. ट्रेल म्हणजे सायकल चालवायची कच्ची रानवाट, आणि तशा वाटा आपल्याकडे भरपूर आहेत. त्या शोधताना ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक मी स्वतः केल्या आहेत आणि काही फार थोडक्यात निभावल्या आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो.

वाट लांब शोधायला जाणं

ट्रेल म्हटलं की डोळ्यांपुढे चिखलदरा येतो. चिखलदरा सुंदरच आहे, पण आर्वीहून जायचं म्हटलं तर अख्खा दिवस त्यातच जातो, आणि तो दिवस दर आठवड्याला कोणाला मिळतो? आधी हिशेब करा. खडबडीत वाटेवर नवा माणूस तासाला आठ-दहा किलोमीटरच्या वर जात नाही. हाताशी चाळीस मिनिटं असतील तर फेरी पाच-सहा किलोमीटरची हवी, आणि ती घराच्या दारातून सुरू व्हायला हवी. सायकल गाडीवर बांधून कुठं न्यायची म्हटली की तिथंच तो दिवस हुकतो.

म्हणून घराभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ कल्पा आणि फक्त त्यातच बघा. आखरावरून ढोरं चरायला जातात ती वाट, वावरात जाणाऱ्या पांदणी, गायरान किंवा ई-क्लासच्या (सरकारी चराईच्या) जमिनीवरच्या पाऊलवाटा, गावतलावाची पाळ, कॅनॉलच्या काठचा मुरमाचा रस्ता. पाणी सुटलेलं असताना कॅनॉलच्या अगदी कडेनं मात्र चालवू नका. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना तर मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी आहेत, धान कापल्यावर बांध्यांमधल्या वाटाही मोकळ्या होतात. बंडीच्या दोन चाकोऱ्यांमधला गवताचा पट्टा हा शिकाऊ माणसासाठी फार चांगला धडा आहे. एका चाकोरीतून दुसऱ्या चाकोरीत न अडखळता सायकल नेता आली, की अर्धा तोल आला समजा.

कागदावर बघायचं तर गावनकाशा काढा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गट क्रमांकासह गावाचा नकाशा दिसतो, पण जुन्या वाटा बघायला भूमी अभिलेखकडची नक्कल बरी. त्यात दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एक तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट. त्या एकेरी रेषा मोलाच्या आहेत, कारण सायकलवाले ज्याला सिंगलट्रॅक म्हणतात तो हाच. जोडीला मोबाइलवर उपग्रहाचं चित्र बघा, शक्यतो वावरं रिकामी असतानाचं. पांढुरकी-तांबूस रेघ दिसली तर मुरूम, काळपट दिसली तर काळी माती. हा फरक पुढे फार कामी येतो.

नकाशावर विसंबून सरळ घुसणं

नकाशावरची पांदण जागेवर असेलच असं नाही. कुठं ती नांगरून वावरात गेलेली असते, कुठं नाल्यानं मध्येच तोडलेली असते. मी पहिल्याच पावसाळ्यानंतर एका पाऊलवाटेनं निघालो होतो. कंबरेइतकं गवत, वाट पुसट, पण उतार छान होता म्हणून सायकल सोडली होती. धुऱ्यावर बसलेल्या ढोरक्यानं काठी वर करून हाक मारली, “ओ भाऊ, थांबा जी! तिकून नोका जाऊ, हिर हाये तिथं!” मी ब्रेक दाबून उतरलो आणि सायकल हातानं धरून पुढं गेलो. पंधरा-वीस पावलांवर तरोटा आणि गाजरगवतात बुडालेली विहीर होती. कठडा नाही, काठाची माती ढासळलेली, आणि आत खोलवर हिरवं पाणी. वरून बघताना ती वाटेचाच भाग वाटत होती.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. नवी वाट पहिल्यांदा पायी, किंवा सायकल हातात धरून, तीही लख्ख उजेडात. अशा बिनकठड्याच्या विहिरी आपल्या भागात जागोजाग आहेत. शेततळ्यांचंही तेच: प्लास्टिक अंथरलेल्या उतारावरून माणूस आत घसरला तर पोहता येत असूनही वर चढता येत नाही. त्यांच्या पाळीवरून सायकल नेऊच नका.

आणि विचारा. ढोरकी, वावरात ओलित करणारा माणूस, कापूस वेचायला निघालेल्या बाया, यांच्याइतका ताजा नकाशा कुठल्याच मोबाइलमध्ये नाही. वाटेवर भेटणारा प्रत्येक जण “कोठी चालले जी?” विचारतो, त्याला धावत्या सायकलवरून हात दाखवून निघून जाणं बरं नव्हे. उतरा, नाव-गाव सांगा. पांदण सार्वजनिक असली तरी तिच्यावरून भावाभावांत वाद असू शकतात, आणि नवा माणूस दिसला की मोजणीवाला आला की काय असं वाटतं. वाट कोणाच्या वावरातून जात असेल तर मालकाला विचारल्याशिवाय जायचं नाही. ढोरं शिरू नयेत म्हणून आडवी लावलेली बाभळीची फांदी सरकवली, तर जशी होती तशी परत लावायची.

माती न ओळखता निघणं

सर्वांत जास्त सायकली इथं बिघडतात. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. चाक दहा-वीस वेळा फिरलं की टायरवर मातीचा दुसरा टायर चढतो, मग तो फोर्कमध्ये आणि मागच्या दांड्यात जाऊन बसतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. नवा माणूस इथंच मोठी चूक करतो, जोर लावून पायडल मारतो. मीही मारला. चेन मातीनं भरली होती, ती मागच्या डिरेल्यरमध्ये, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागात, अडकली आणि डिरेल्यर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती हँगरची पट्टी वाकली. ती प्रत्येक सायकलची वेगळी असते आणि तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. माझी सायकल त्यापायी तीन आठवडे उभी होती. म्हणून सांगतो, नवी सायकल घेताना ती पट्टी जास्तीची एक मागून ठेवा.

चाक अडलं की तिथंच उतरायचं. तुराटी किंवा पऱ्हाटीच्या काडीनं माती काढायची, सायकल खांद्यावर घ्यायची आणि मुरमापर्यंत चालत यायचं. घरी आल्यावर वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. माती वाळू द्या, ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसा, चेनला तेल द्या आणि वरचं जादा तेल पुसून टाका.

निघण्याआधीची परीक्षा सोपी आहे. वाटेवरची मूठभर माती दाबून बघा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर परत फिरा. मुरमाड किंवा बरड वाट पाऊस थांबल्यावर काही तासांत चालू होते, काळीला मात्र दोन-तीन दिवस ऊन लागतं. ओल्या पांदणीत पाडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि मग शेतकऱ्याची बंडी महिनाभर तिच्यात हेलकावे खाते. आपल्या हौसेपायी कोणाच्या बैलांना त्रास का?

यावर उपाय म्हणजे दोन फेऱ्या ठरवून ठेवणं. माझी पावसाळी फेरी मुरमाची आणि कॅनॉलची आहे, कोरडी फेरी पांदणीतून जाते. २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजनेत बऱ्याच पांदणींवर मुरूम पडला, त्या पावसाळी फेरीत घेता येतात. उन्हाळ्यात काळी वेगळाच त्रास देते. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि वाटेच्या दिशेनं गेलेली भेग पुढचं चाक गच्च धरते. अशी भेग दिसली की शक्यतो काटकोनात ओलांडा.

टायर दगडासारखा फुगवणं

पंक्चरवाला हवा भरतो ती साध्या सायकलच्या सवयीनं, अंगठा दबेनासा होईपर्यंत. मग गिट्टीवर सायकल उड्या मारते, हात भरून येतात आणि वळणावर चाक सरकतं. साधारण सत्तर किलोच्या माणसाला, दोन-सव्वादोन इंची ट्यूबच्या टायरमध्ये, तीस पीएसआयच्या (पंपाच्या काट्यावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा पुरते. पंचविसाच्या खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिमला चेपते.

पंक्चर झालं की भोक बघा. शेजारी-शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती. एकच बारीक भोक म्हणजे काटा: बाभूळ, बोर, सराटा, नाहीतर तुरीचं धसकट. विळ्यानं तिरपं कापलेलं धसकट टायरच्या बाजूची भिंतसुद्धा फाडतं, म्हणून तूर निघालेल्या वावरातून सायकल काढायचीच नाही. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. राहिलेल्या काट्याला कापूस अडकतो आणि बोटही वाचतं. कापसाच्या मुलखात बोळ्याची काय कमी! सायकलला बारीक, लांब व्हॉल्व्ह असेल तर गावातला पंप बसणार नाही. त्याची पितळी टोपी मिळते, ती आधीच घेऊन खिशात ठेवा. ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) टाकता आलं तर आपल्या काट्यांवर त्याच्याइतका चांगला इलाज नाही.

वेळ आणि हंगाम न बघणं

डिसेंबर-जानेवारीत पावणेसातच्या सुमारास उजाडतं. त्याच्या आधी, टॉर्च लावूनही, वावरांमधून जाऊ नका. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी लोक कुंपणाला तारा लावतात. झटका मशीन वेगळं. ते थांबून थांबून झटका देतं. पण काही जण चोरून थेट लाइनचा करंट सोडतात आणि त्यात माणसं मेली आहेत. अंधारात दोन्ही तारा सारख्याच दिसतात.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा फवारणीचा काळ. माझा धंदाच या औषधांचा आहे, म्हणून ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सायकलवर आपण धापा टाकत मोठे श्वास घेतो. पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला, औषधाचा वास आला, की तिथूनच मागं वळा. तोंडाला रुमाल बांधून पार होऊ, असं मनातही आणू नका. शक्य असेल तर आदल्या दिवशीच विचारा, उद्या कोणाच्या वावरात पंप आहे. पांदणीच्या कडेला फेकलेल्या डब्यांना हात लावू नका.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी पहाटेचा विचारच सोडावा. बोर व्याघ्र प्रकल्प आमच्याच जिल्ह्यात आहे आणि वाघ प्रकल्पाची हद्द बघून चालत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडे तर गावाच्या शिवारातच त्याचा वावर असतो. मोहफुलं वेचायच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत पहाटे जंगलात गेलेल्या माणसांवर हल्ले होतात. वाकलेला, आवाज न करता वेगानं जाणारा सायकलस्वार त्याहून सुरक्षित आहे असं समजू नका. तिकडच्यांनी ऊन वर आल्यावर, गावाच्या मोकळ्या बाजूला, दोघांनी मिळून फिरावं. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. गावाशेजारचं झुडपी जंगल आपल्याला पडीक रान वाटतं, पण तीही वनजमीन आहे असं मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. तिथून वाट काढायची असेल तर आधी बीटच्या वनरक्षकाला भेटा. वाघ-बिबट दिसल्याची खबर १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर देता येते.

मार्चनंतर आठच्या आत घरी. बाटली एक नव्हे, दोन.

बारीकसारीक

चढावर चेन उतरत असेल तर गिअर चढ लागायच्या आधी बदला, पायावर जोर असताना नाही. उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबू नका. कुत्री मागं लागली तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत निघा. पळत्याच्या मागं कुत्रं पळतंच. घरी कोणत्या वाटेनं चाललो ते सांगून जा, कारण नाल्यात उतरलं की रेंज जाते.

आणि फेरी ठरली की दर आठवड्याला नवी शोधत बसू नका. एकच वाट वीस वेळा चालवली की कुठल्या दगडावर चाक घसरतं, कुठं आधीच गिअर टाकायचा, हे पायांना कळायला लागतं. सुरुवातीला जिथं उतरून ढकलत नेत होतो तो नाल्याचा चढ मला तिसऱ्या महिन्यात बसून चढता आला.

माझ्या काउंटरच्या काचेखाली गावनकाशाची झेरॉक्स आहे. त्यावर विहिरी लाल पेनानं, करंटच्या तारा निळ्यानं आणि मुरमाच्या वाटा पेन्सिलीनं काढल्या आहेत. गिऱ्हाईक माल घेता घेता त्यात भर घालतात. परवा नाल्यापलीकडच्या एका शेतकऱ्यानं बोट ठेवून सांगितलं, “इथं म्या परवाच नवी हिर खांदली जी, लिहून ठेवा.” तिथं एक लाल ठिपका वाढला आहे.