चाळिशीत आईस हॉकी: टोरोंटोत खेळलेल्या पहिल्या दोन हिवाळ्यांचा अनुभव

टोरोंटोला आल्यावर पहिली काही वर्षे मी आईस हॉकी केवळ दूरचित्रवाणीवर पाहिली, आणि तीही पंजाबीतून. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आईस हॉकी लीगच्या सामन्यांचे पंजाबी समालोचन येथे २००८ पासून ऐकायला मिळते. समालोचक हरनारायण सिंग यांच्या तोंडचा ‘चपेड शॉट’ कानावर पडला, तेव्हा स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक मागे उगारून मारलेला जोरदार फटका, काय असतो हे चपराक हा शब्द ठाऊक असलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. मात्र सांगलीत क्रिकेटवर वाढलेला माणूस वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बर्फावर उतरतो, तेव्हा पाहून आलेले हे ज्ञान पहिल्या दहा सेकंदांतच गळून पडते. माझ्यासारखे उशिरा सुरुवात करू पाहणारे अनेक जण हल्ली चौकशी करतात, म्हणून मी केलेल्या चुकांसह हा अनुभव लिहीत आहे.

पहिली चूक क्रमाची होती. मी आधी स्टिक विकत घेतली आणि नंतर स्केटिंगच्या वर्गाचा शोध सुरू केला. प्रौढ नवशिक्याच्या पहिल्या हिवाळ्याचा विषय हॉकी नसून स्केटिंग हा आहे, हे मला कोणी सांगितले असते तरी मी ऐकले नसते, ही गोष्ट वेगळी. टोरोंटो महापालिकेचे उघड्यावरचे रिंक, म्हणजे स्केटिंगसाठीची बर्फाची मैदाने, साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालतात आणि तेथे प्रवेश विनामूल्य असतो. स्वैर स्केटिंगच्या वेळेत तेथे स्टिक आणता येत नाही. स्टिक घेऊन खेळण्याच्या अनौपचारिक खेळाला येथे ‘शिनी’ म्हणतात आणि त्याच्या वेळा स्वतंत्र असतात. प्रौढांसाठीच्या वर्गात शिकायचे आणि उरलेल्या दिवशी घराजवळच्या रिंकवर तेच घोटायचे, हा मला सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक मार्ग वाटला.

पुढे जाणे माणूस आठवड्याभरात शिकतो. थांबायला मला तीन महिने लागले. गुडघे इतके वाकलेले हवेत की खाली पाहिल्यास बुटांची टोके गुडघ्यांआड लपावीत, कारण ताठ पायांनी उभा राहिलेला माणूस पहिल्याच धक्क्याला मागे पडतो. हॉकीतील थांबण्याच्या पद्धतीत स्केट्सची दोन्ही पाती प्रवासाच्या दिशेला एकदम आडवी वळवून बर्फाचा वरचा थर खरवडायचा असतो. पाती वळवण्यापूर्वी क्षणभर शरीर किंचित वर उचलून त्यांवरचे वजन हलके करावे लागते आणि वळल्याबरोबर गुडघे वाकवून तेच वजन पुन्हा खाली दाबावे लागते. प्रत्येकाची एक बाजू सोपी असते. माझी डावी बाजू लवकर जमली आणि मी उजवीचा सराव टाळत राहिलो. त्याची किंमत पुढे सामन्यात मोजली, कारण प्रतिस्पर्धी आपल्या सोयीच्या बाजूने येत नाही.

पडणे टाळता येत नाही, पण ते शिकता येते. तोल गेला की मागे न पडता कुशीवर पडावे, तळहात टेकून शरीर सावरू नये, आणि पडल्यावर बोटे मिटून घ्यावीत, कारण आजूबाजूला इतरांची पाती फिरत असतात. उठताना आधी एक गुडघा टेकून दुसरे पाऊल खाली रोवावे. कडेच्या फळीवर आदळण्याची वेळ आलीच तर डोके खाली घालू नये. मान वाकलेली असताना डोक्यावर बसलेला आघात मणक्यावर उतरतो. भीतीने डोके खाली घालण्याची आपली सहजप्रवृत्ती येथे नेमकी घातक ठरते.

सामानाबाबत माझे मत स्पष्ट आहे: स्केट्स आणि हेल्मेट नवे घ्यावे, बाकी सगळे वापरलेले चालते. नडग्या, कोपर आणि खांदे यांची कवचे, जाड अर्धी विजार, हातमोजे आणि जांघेचे संरक्षण असे सगळे मी जुन्या सामानाच्या दुकानातून जमवले आणि स्केट्स-हेल्मेट धरून माझा एकूण खर्च पाचशे डॉलरांच्या आसपास राहिला. हेल्मेटवर सीएसए या कॅनडातील मानक संस्थेचे प्रमाणचिन्ह पाहावे आणि चेहऱ्यासमोर पूर्ण जाळी लावून घ्यावी. गळ्याच्या संरक्षक पट्ट्याला अनेक प्रौढ खेळाडू नाक मुरडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे सामना चालू असताना ॲडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूचा गळ्याला स्केटचे पाते लागून मृत्यू झाला. त्यानंतर या पट्ट्याविषयी वाद घालण्याची मला इच्छा उरली नाही.

हॉकीचे स्केट नेहमीच्या बुटाच्या मापापेक्षा साधारण एक ते दीड मापाने लहान घ्यावे लागतात, आणि नवे स्केट दुकानातून धार लावलेले मिळतीलच असे नाही. मी धार न लावलेल्या स्केट्सवर पहिला पूर्ण तास घसरत काढला आणि दोष स्वतःच्या पायांना दिला. दुकानदाराने सांगितले नाही आणि मला विचारायचे सुचले नाही. पात्याच्या तळाला मधोमध पन्हळीसारखी खोलगट रेघ असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे दोन धारा. ही पन्हळ जितकी खोल, तितकी पकड अधिक आणि घसरण कमी. अनेक दुकाने १/२ इंचाची धार लावून देतात. हा आकडा पन्हळीच्या गोलाईच्या त्रिज्येचा असतो, म्हणून आकडा जितका मोठा तितकी पन्हळ उथळ. वजनाने भारी असलेल्या नवशिक्याने ५/८ इंचाची उथळ धार लावून पाहावी, म्हणजे थांबायला शिकताना पाते बर्फात रुतून बसत नाही.

आता स्टिक. उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्याचा डावा हात मुठीच्या वरच्या टोकाला असतो, त्यामुळे आपल्याकडचा माणूस दुकानात गेल्यावर आपसूक उजवी स्टिक उचलतो. येथे मात्र उजव्या हाताने लिहिणारे बरेच खेळाडू डावी स्टिक वापरतात, कारण एका हाताने स्टिक धरण्याची वेळ आली की वरचा हात अधिक समर्थ असलेला बरा. मी दोन्ही वापरून पाहिल्या आणि क्रिकेटची सवय मोडण्याचा नाद सोडून उजवीवर कायम राहिलो. स्केट्स घालून उभे राहिल्यावर स्टिकचे टोक हनुवटीपर्यंत यावे. तिच्या लवचिकतेचा आकडा आपल्या पौंडांतील वजनाच्या साधारण निम्मा धरावा. पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली कडक रबरी चकती, स्वीकारताना क्रिकेटचा उपयोग झाला. वेगाने आलेला झेल घेताना आपण हात थोडे मागे नेतो, तसेच पक येताना स्टिकचे पाते किंचित मागे नेले की तो उसळून जात नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात मी नवशिक्यांच्या संघात दाखल झालो. पहिल्या सामन्याआधी मी घाईत आधी स्केट्स चढवून घट्ट बांधले आणि मग लक्षात आले की विजार घालायची राहिली आहे. सगळे पुन्हा सोडावे लागले. शेजारच्या खेळाडूने न हसता सांगितलेला क्रम तेव्हापासून पाठ आहे: जांघेचे संरक्षण, नडग्यांची कवचे, मोजे, विजार, स्केट्स, मग वरचे सगळे, आणि हातमोजे शेवटी.

या स्तरावर अंगाने टक्कर देण्यास मनाई असते, आणि आमच्या स्पर्धेत स्लॅप शॉटही वर्ज्य होता. नियमांपैकी दोन आधी समजून घ्यावेत. पक प्रतिपक्षाच्या क्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेपलीकडे जाण्यापूर्वी आक्रमक खेळाडूने पलीकडे जाऊ नये, हा ऑफसाइडचा नियम. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक कोणाचाही स्पर्श न होता थेट प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार जाऊ देऊ नये, हा आयसिंगचा. मात्र नवशिक्याला कोणत्याही नियमापेक्षा बाकावर परत येण्याची शिस्त अधिक अवघड जाते. एका वेळी सुमारे पाऊण मिनिट खेळायचे आणि दमण्यापूर्वी बाकावरच्या बदली खेळाडूसाठी जागा सोडायची असते. परंतु ‘अजून एक संधी’ म्हणून मी दोन मिनिटे मैदानात राहत असे, आणि माझे पाय संपल्यावर प्रतिस्पर्धी माझ्या शेजारून निघून जात. आमच्या कर्णधाराने मला खेळाविषयी दुसरे काहीही सांगितले नाही, फक्त प्रत्येक वेळी बाकावरून नाव घेऊन हाक मारली. ती हाक ऐकू येण्याआधी परतणे मला फेब्रुवारीत जमले.

नवशिक्यांच्या वाट्याला रिंकची वेळ बहुधा रात्री साडेदहा-अकराची येते. घरी परतल्यावर कितीही झोप आली तरी पाती फडक्याने पुसून कोरडी करावीत, अन्यथा ती गंजतात, आणि सगळे सामान पिशवीतून काढून तळघरात टांगावे. एकदा ते मी मोटारीतच राहू दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला शाळेत सोडताना, उणे बारा तापमानात, चारही खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या.