जर्मनीत घर मिळालं, पण ओटा कुठाय?

श्टुटगार्टमधल्या घराची किल्ली हातात आली ती नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी. साडेपाचलाच मिट्ट काळोख. बटण दाबलं, उजेड नाही. मोबाइलच्या टॉर्चने वर पाहिलं तर छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही; भिंतीतून डोकावणारा पाण्याचा पाइप तेवढा होता. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. म्हणाली, "अरे, चोरी झालीय की काय?"

चोरी नव्हती. इथे पुष्कळ घरांत आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन आणि दिवे उचलून घेऊन जातो. जाहिरातीत 'आइनबाउक्यूशे' लिहिलेलं असेल तर किचन बसवलेलं आहे असं समजा. नसेल, तर जाणाऱ्या भाडेकरूलाच विचारा. बरेच जण पैसे घेऊन किचन मागे ठेवायला तयार असतात. त्या व्यवहाराला 'आब्लोझे' म्हणतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन आठवडे पालथ्या खोक्यावर इंडक्शन ठेवून खिचडी केली आणि भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये घासली.

घर मिळेपर्यंतची कथा वेगळीच. तीसेक अर्ज केले, चार ठिकाणी बघायला बोलावलं, एके ठिकाणी तर जिन्यावर रांग होती. 'शूफा' म्हणजे तुमच्या उधारीचा इतिहास. तो सगळे मागतात आणि नवख्याकडे तो नसतोच. मी नोकरीचं कंत्राट, तीन पगारपत्रकं आणि जर्मनमध्ये अर्ध्या पानाची ओळख जोडायला लागलो, तेव्हा कुठे उत्तरं येऊ लागली. आणि हो, 'दोन त्सिमर' म्हणजे दोन बेडरूम नव्हेत. हॉलही त्यात मोजतात. म्हणजे आपला वन बीएचकेच.

जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेकदा 'काल्टमीटे' असतो, म्हणजे निव्वळ भाडं. माझं ८२० युरो होतं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून 'वार्ममीटे' झालं १०४०. वीज आणि इंटरनेट त्याउपर. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे. मी बावळटासारखे एकदम भरले.

"मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअर करतो" अशी मेल मला दोनदा आली. घर आतून बघितल्याशिवाय एक छदामही देऊ नका.

ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा आणि मीटरचे आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. घरमालकाकडून राहण्याचा दाखलाही त्याच दिवशी मागा. दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि ती या दाखल्याशिवाय होत नाही. नोंदणीनंतर टॅक्सचा नंबर पोस्टाने येतो.

माझा आलाच नाही. कारण इथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, आणि माझ्या पेटीवर अजून जुन्या भाडेकरूचं नाव होतं. मी कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावलं. महिन्याभराने इमारतीच्या केअरटेकरने पितळी पाटी बसवली, आडनावातलं एक अक्षर गाळून. पत्रं येतात, म्हणून मीही काही बोललो नाही.