चढावर रांगणारी गाडी

मुंबईतल्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर (जेव्हीएलआर) पवईचा चढ, मागे बेस्टची बस हॉर्न मारतेय आणि आमची पेट्रोल गाडी ॲक्सिलरेटर दाबूनही रांगतेय. चेक इंजिनचा दिवा लागलेला. गॅरेजवाल्याने न तपासताच फ्युएल पंप बदलायला सांगितला. म्हटलं, जरा थांबा. गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, कोड पी 0171: मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेपर्यंतचा) रबरी पाइप हाताने वाकवून पाहिला, तर खालच्या घडीत बोटभर चीर! गाडी उभी असताना ती मिटलेली. जोर दिला की इंजिन हलतं, चीर उघडते आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते, तिच्या वाट्याचं पेट्रोल मात्र मिळत नाही. मी उगाच उंदरांवर आळ घेत होतो, रबरच वाळलं होतं.

नवा पाइप बसवला, क्लॅम्प आवळले, कोड पुसला. परवा तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढलो.