पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स आणि वाटेतली चार राज्यं

पिस्तुल घेऊन न्यू हॅम्पशायरला जायचं होतं. दोन्ही टोकांना अडचण नव्हती: पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स आहे, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये २०१७ पासून परवाना लागत नाही. अडचण मधली. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, एकही माझं लायसन्स मानत नाही.

तोडगा १९८६ च्या केंद्रीय कायद्यात सापडला. दोन्ही टोकांना शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून नेता येतं. पण ते रिकामं हवं, आणि शस्त्र वा गोळ्या सहज हाताशी नकोत. माझ्या एसयूव्हीला वेगळी डिकी नाही. अशा गाडीत कुलूपबंद पेटी लागते; ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोल चालत नाही. म्हणून पिस्तुल आणि गोळ्या दोन वेगळ्या पेट्यांत कुलूप लावून पार मागे ठेवल्या.

मुक्काम मात्र टाळलाच. विमान चुकलं म्हणून न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या हॉटेलात पिस्तुलासह रात्र काढलेल्या एका प्रवाशाला दुसऱ्या दिवशी विमानतळावर अटक झाली होती आणि २०१० मध्ये अपील कोर्टानेही त्याला या कायद्याचं संरक्षण नाकारलं. त्यामुळे पहाटेच निघालो. थांबलो तो पेट्रोलपुरता. बायको वैतागली, पण न्यू जर्सीत वकील शोधण्यापेक्षा ते परवडलं.