फ्लोट हलत नाही, हलला तर मासा येत नाही: तळ्यावर गळ टाकताना या चुका टाळा

गांडूळ लावून झालं, कणीक झाली, पेंड झाली, तरी फ्लोट (मासा लागल्याची खूण देणारा तरंगता तुकडा) जागचा हलत नाही. अशा वेळी चौथ्या आमिषाच्या मागे लागू नका, आधी पाण्याची खोली मोजा. धरणाच्या फुगवट्यावर असो की गावतळ्यावर, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरातला. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तो तळ चिवडून खातो. मृगळासाठी लावलेला कणकेचा गोळा तळापासून दीड फूट वर लोंबकळत असेल, तर दिवसभर बसूनही उपयोग नाही.

मोजायची रीत सोपी आहे. गळाला वीसेक ग्रॅमचं जड शिसं अडकवा आणि जिथे बसायचं तिथेच टाका. फ्लोट पूर्ण बुडाला, म्हणजे पाणी जास्त खोल आहे. फ्लोट तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोरीवर) वर सरकवा. आडवा पडला, म्हणजे तंगूस जास्त सुटलं आहे, खाली घ्या. नुसतं टोक पाण्याबाहेर राहिलं की तीच खोली. मृगळासाठी त्याहून दोन-तीन इंच जास्त ठेवा, म्हणजे आमिष तळावर टेकेल. रोहूसाठी फूटभर कमी, आणि कटल्यासाठी आमिष पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवरच पुरे. पाणी काठीपेक्षा खोल असेल तर पक्का बांधलेला फ्लोट फेकताच येत नाही. तिथे सरकता फ्लोट आणि त्याला ठरलेल्या खोलीवर अडवायला तंगुसावर दोऱ्याची अडगाठ लागते.

गेल्या आठवड्याची खोली या आठवड्यात धरू नका. उजनीसारखं धरण उन्हाळ्यात मायनसमध्ये (उपयुक्त साठ्याच्या खाली) जातं आणि काठ कुठल्या कुठे मागे सरतो. जानेवारीतली हुकमी जागा मे महिन्यात कोरडी पडलेली असते.

चारा ओतायचा नसतो, पेरायचा असतो

शेंगदाण्याची पेंड एक किलो घ्या, चार-पाच तास भिजवा आणि मुठीत गोळा वळेल इतका भाताचा कोंडा मिसळा. सुरुवातीला संत्र्याएवढे चार गोळे, मग अर्ध्या-पाऊण तासाने लिंबाएवढा एक. सगळा चारा एकदम टाकला की मासे पोटभर खातात आणि तुमच्या गळाकडे बघतही नाहीत. गोळे फ्लोटच्या जागीच पडायला हवेत; समोरच्या काठावरचं एखादं झाड खूण म्हणून धरा.

गळावरची कणीक पाण्यात विरघळते आणि आपण रिकाम्या गळाकडे बघत बसतो. घरीच ग्लासभर पाण्यात गोळा टाकून पाहा, वीस मिनिटं टिकला पाहिजे. टिकत नसेल तर मळताना थोडा पिंजलेला कापूस घाला. गळाचं टोक मात्र आमिषात पुरू नका, किंचित बाहेर राहू द्या.

गळाच्या नंबरातही गफलत होते: साधारणपणे नंबर मोठा, तो गळ लहान. चिलापीचं तोंड छोटं, तिला 10 किंवा 12 नंबर आणि गांडुळाचा इंचभर तुकडा बास. रोहूसाठी 4 ते 6 नंबर.

फ्लोट हलला, झटका कधी द्यायचा?

बारीक थरथर ही बहुधा लहान माशांची टोचाटोच असते, तिला झटका देऊ नका. फ्लोट ठामपणे खाली किंवा तिरका सरकत गेला की द्या. सगळ्यात जास्त निसटते ती उलटी खूण: उभा फ्लोट अचानक वर येऊन आडवा पडतो. तळावरचं आमिष आणि त्याजवळचं शिसं मृगळाने उचललेलं असतं. फ्लोट बुडायची वाट पाहिलीत तर तो आमिष थुंकून गेलेला असतो.

तंगूस तुटलं? तुटलेलं टोक बघा

टोक स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली आहे. खरबरीत असेल तर दगडाला घासलं आहे; शेवटचं दोन-तीन फूट कापून टाका आणि नव्याने बांधा. गाठ मारताना पाच-सहा वेढे द्या, थुंकीने ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली की नायलॉन घर्षणाने तापतं आणि नेमकं तिथेच कमजोर होतं.

रिळाचा ड्रॅग (ओढ वाढली की तंगूस सुटू देणारा ब्रेक) हाताच्या अंदाजाने लावू नका. तंगूस सहा किलो ताण सोसणारं असेल तर ते ताणकाट्याला बांधून ओढा. दीड ते दोन किलोला रीळ सुटायला हवं. काठाशी आलेला मासा तंगुसाला धरून उचलायचा तर मुळीच नाही, पाण्याबाहेर त्याचं पूर्ण वजन गाठीवर येतं. हातजाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि दमलेला मासा तिच्यावर ओढून घ्या.

उन्हाळ्यात हिरव्या पाण्याच्या गावतळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर हुरळून जाऊ नका. रात्रभर शेवाळाने प्राणवायू वापरलेला असतो आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे श्वासासाठी धडपडत असतात, खाण्यात त्यांचं लक्ष नसतं. ऊन चढून दोनेक तास गेल्यावर गळ टाका.

पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा घोळका पृष्ठभागावर दिसला तर त्याखाली मरळ राखण करत असते. तिथे गळ टाकू नका. ती गेली की इतर मासे सगळी पिल्लं फस्त करतात.

बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आधी विचारून परवानगी घ्या. पाणी ओसरलेल्या काठावरचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत खचतो, काठीने टोचल्याशिवाय पाय टाकू नका. वळवाचा गडगडाट ऐकू आला की कार्बनची काठी ताबडतोब खाली ठेवा आणि काठ सोडा. तुटलेलं तंगूस गुंडाळून घरी न्या, बगळे आणि पाणकावळे त्यात अडकून मरतात.