झोताच्या वाऱ्यात हँग ग्लायडरचे उड्डाण फसल्यास काय तपासावे

हँग ग्लायडर म्हणजे ज्याच्या पंखाखाली लटकून, कड्यावरून धावत निघून उडायचे ते बिनइंजिनाचे साधन. त्याचे उड्डाण कड्यावरच फसले की ‘अचानक झोत आला’ असे सांगून विषय मिटवला जातो. विदर्भात तरी हे कारण पुरेसे मानू नये. चैत्र-वैशाखात पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी वावरे ऊन चढताच तापतात आणि तेथून सुटलेली गरम हवा गाविलगडच्या उतारावरून थांबून थांबून वर येते. त्यामुळे कड्यावरचा वारा काही वेळ जोर धरतो, मग पडतो, क्वचित पाठीमागूनही येतो. सागाची पानगळ झालेली असल्याने या दिवसांत झाडांवरून वारा ओळखता येत नाही. उतारावरचे वाळलेले गवत आणि धुऱ्यालगत उठणारी वावटळ पाहावी लागते.

म्हणून तपासणी धावण्यापासून सुरू न करता त्याआधीच्या पंधरा मिनिटांपासून करावी. वाऱ्याचा कमाल व किमान वेग आणि दिशा त्याच दिवशी लिहून काढावी, आणि प्रत्येक सोबत्याला ती वेगवेगळी विचारावी, कारण एकत्र बसले की सर्वांची आठवण एकसारखी होते. वेग ताशी २० किलोमीटरवरून ३० झाला, तर पंखावरील दाब सव्वादोन पट होतो. एवढा चढउतार आधीपासून दिसत असेल, तर माझ्या मते चूक धावण्यात नसून निघण्याच्या निर्णयात आहे.

त्यानंतर चित्रफीत संथ गतीने पाहावी. नाक आधी वर गेले असल्यास पंखाचा कोन जास्त होता, किंवा हार्नेसमध्ये (उडणाऱ्याला पंखाखाली टांगणाऱ्या पट्ट्यांच्या झोळीत) आडवे होण्याच्या घाईत पाय लवकर उचलले गेले. एक बाजू आधी उचलली गेली असल्यास पहिल्या पावलापूर्वी दोन्ही पंख समतल होते का, हे पाहावे; पंखाखालची, धरायची चौकट हातांनी पिळून पंख खाली येत नाही, शरीराचे वजन उचललेल्या बाजूकडे न्यावे लागते. निघण्यापूर्वी पंखाच्या बाजूची तार धरून ग्लायडर सावरणाऱ्या सोबत्याचे म्हणणे येथे सर्वांत मोलाचे असते: त्याला तार जोराने ओढून धरावी लागत असेल, तर ग्लायडर निघण्यास तयारच नव्हता.

वाकलेली ॲल्युमिनियमची नळी गावच्या वेल्डिंगच्या दुकानात सरळ करून घेऊ नये, ती बदलावी. धागा तुटलेली किंवा मुरडलेली तार आणि मार लागलेले हेल्मेट वरून ठीक दिसले तरी पुन्हा वापरू नये. कड्यावर परतण्यापूर्वी सकाळच्या स्थिर वाऱ्यात, कमी उंचीच्या उतारावर, पंख समतल ठेवून धावण्याचा सराव प्रशिक्षकासमोर करावा.